मणक्याचा एमआरआय वेगळा, मज्जारज्जूचा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एमआरआय यंत्राची बातमी येते तेव्हा टेस्लाचा (चुंबकाच्या ताकदीचा) आकडा ठळक छापला जातो. मज्जारज्जूच्या तपासणीत अलीकडे झालेली प्रगती मात्र बरीचशी त्या आकड्यापलीकडची आहे. तिचा चांगला हिस्सा दीड टेस्लाच्या साध्या यंत्रावरही वापरता येतो. तरी तो रुग्णापर्यंत पोहोचत नाही, कारण ‘स्पाइन’ म्हटले की अनेक ठिकाणी गादी सरकली आहे का, एवढेच पाहणारी ठरावीक तपासणी होते. म्हणून हे पत्र.

पहिली चूक यंत्रापाशी पोहोचण्याआधीच होते. दोन्ही पाय लुळे पडले, लघवी तुंबली, की ‘कमरेचा एमआरआय’ लिहून दिला जातो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका असतो. पायांकडे जाणारे तंतू मान आणि पाठीतून खाली येतात, त्यामुळे दाब छातीमागच्या चौथ्या मणक्यापाशी असला तरी लक्षण पायात दिसते. कमरेचा स्कॅन ‘नॉर्मल’ येतो आणि रज्जू वाचवण्याचे तास निघून जातात. बधिरपणा बेंबीपासून खाली आहे म्हणून तेवढ्याच पातळीचा स्कॅन करणेही धोक्याचे, कारण खरा दाब त्याच्या बराच वर असू शकतो. अशा रुग्णाचा कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत संपूर्ण कणा उभ्या कापांत पाहायलाच हवा. कण्याच्या क्षयरोगात तर एक मणका सडलेला दिसतो आणि चार मणके सोडून दुसरीकडेही रोग असतो. संपूर्ण कण्याचा स्टर सिक्वेन्स (चरबी काळी करून सूज उजळ दाखवणारी चित्रमालिका) काही मिनिटांत होतो आणि तो दुसरा अड्डा दाखवतो. शिवाय मणके वरून मोजता येतात, त्यामुळे शस्त्रक्रिया चुकीच्या पातळीवर होण्याची शक्यता घटते.

गादीसाठीच्या तपासणीत आडवे काप फक्त गाद्यांच्या पातळीवर, त्या त्या गादीच्या कलाने तिरपे घेतात. दोन गाद्यांमधला रज्जू आडव्या कापात येतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसचा (चेतातंतूंचे आवरण नष्ट करणाऱ्या आजाराचा) डाग बहुधा दोन मणक्यांच्या उंचीपेक्षा आखूड, रज्जूच्या कडेला आणि आडव्या छेदाच्या निम्म्याहून कमी जागेत असतो. तो नेमका याच फटीत राहून जातो. डोळ्यांच्या नसा आणि रज्जूवर हल्ला करणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा डाग सहसा तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब आणि मधोमध असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या आजाराची काही औषधे दुसऱ्या आजारात अपाय करतात. रज्जूसाठी आडवे काप एकाला एक लागून हवेत, उभे काप ३ मि.मी.पेक्षा जाड नकोत आणि टी-टू (पाणी आणि सूज पांढरी दाखवणारा सिक्वेन्स) सोबत स्टर किंवा प्रोटॉन डेन्सिटी असा दुसरा उभा सिक्वेन्स हवा. मल्टिपल स्क्लेरोसिससाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही एकटा टी-टू पुरेसा मानलेला नाही. बी-१२ च्या कमतरतेत रज्जूच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’सारखी पांढरी खूण दिसते, तीही आडव्या कापातच नीट ओळखू येते. वेळीच इंजेक्शने सुरू केली तर हा आजार मागे हटू शकतो.

रज्जूचे चित्र मेंदूपेक्षा अवघड का? मानेत त्याची रुंदी सुमारे १३ मि.मी. आणि जाडी ७-८ मि.मी. एवढ्यात करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसायला हवा. चित्र ज्या बारीक ठोकळ्यांचे बनते तो ठोकळा सर्व बाजूंनी १ मि.मी.वरून अर्ध्या मि.मी.वर आणला तर त्यातला संदेश एक अष्टमांश उरतो, आणि तितकीच स्वच्छता राखायची तर ६४ पट वेळ लागतो. भोवतालचा द्रव हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हेलकावे घेतो. लाळ गिळताना गळा हलतो. श्वासागणिक फुप्फुसातली हवा कमी-जास्त होते आणि मानेच्या तळाशी चुंबकीय क्षेत्रच बदलते.

यातून फसवी चित्रे तयार होतात. उभ्या टी-टू चित्रात रज्जूच्या मधोमध पातळ पांढरी रेघ दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘सिरिंक्स’ (रज्जूतली द्रवाने भरलेली पोकळी) लिहिले जाते. ती पुष्कळदा कमी मॅट्रिक्समुळे (चित्रातले ठिपके कमी असल्यामुळे) उमटलेली रेघ असते. मॅट्रिक्स वाढवून किंवा फेज दिशा (संदेश मोजण्याची एक दिशा) बदलून पाहिले की ती जाते, आणि आडव्या कापात ती पोकळी सापडत नाही. पाठीत रज्जूमागे दिसणारे काळे ठिपके हे वाहत्या द्रवाचे असू शकतात किंवा ड्युरल फिस्टुलाच्या (रज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाण्याच्या दोषाच्या) फुगलेल्या शिरांचे. सिस किंवा फिएस्टासारखा पातळ कापांचा त्रिमितीय सिक्वेन्स लावला की उलगडा होतो. तिथे घाई नको. फिस्टुलाला मायलायटिस (रज्जूचा दाह) समजून स्टेरॉइड दिले तर पाय आणखी लुळे पडू शकतात. गिळण्याच्या हालचालीवर उपाय सोपा आहे: चित्रात गळ्यावर सॅच्युरेशन बँड (तिथला संदेश दाबणारा पट्टा) ठेवणे, फेज दिशा डोक्याकडून पायाकडे करणे आणि रुग्णाला सिक्वेन्स चालू असताना गिळू नका, असे आधीच सांगणे. पाठीत स्क्रू-रॉड असतील तर ३ टेस्लाचा आग्रह सोडावा, १.५ टेस्लावर धातूची काळी सावली कमी पसरते. चरबीचा संदेश दाबण्यासाठीही तिथे केमिकल फॅट-सॅट नको, स्टर घ्यावा.

डिफ्यूजनमध्ये (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या चित्रांत) खरी मजल मारली गेली आहे. जुन्या एका दमात घेतलेल्या चित्रात हाड आणि हवेच्या सीमेवर रज्जू वाकडातिकडा ताणला जाई. आता फक्त रज्जूपुरती खिडकी घेऊन किंवा वाचन तुकड्यातुकड्याने करून तो दोष खूप कमी करता येतो. रज्जूला रक्त न मिळाल्याचा झटका टी-टूवर दिसण्याआधी डिफ्यूजनवर दिसू शकतो. मानेत झीज होऊन रज्जू दबतो तेव्हा तंतूंची दिशाबद्धता आकड्यात मोजता येते, पण तो आकडा केंद्रागणिक बदलत असे. हे टाळण्यासाठी ‘स्पाइन जेनेरिक’ नावाची ३ टेस्लाची सामायिक पद्धत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमेन्स, जीई आणि फिलिप्स यांच्या यंत्रांसाठी तिचे तपशील खुले आहेत आणि ४२ केंद्रांतल्या २६० जणांचे स्कॅनही कोणालाही वापरता येतात. त्यात टी-टू ०.८ मि.मी.च्या समान ठोकळ्यांत, तर करड्या भागासाठीचे चित्र ०.५ मि.मी. बारकाव्याने आणि ५ मि.मी. जाडीच्या कापांत घेतात. जाडी मुद्दाम जास्त ठेवली आहे: रज्जू लांबीच्या दिशेने फारसा बदलत नाही, म्हणून तिथे तडजोड करून आडव्या छेदातला बारकावा मिळवता येतो. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ही पद्धत आपल्या यंत्रांवर बसवावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्यासाठीचे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

डीप लर्निंगने (कृत्रिम बुद्धिमत्तेने) चित्र स्वच्छ करण्याच्या सोयीबद्दल सावध राहावे लागेल. तिच्यामुळे वेळ वाचतो, वेदनेने तळमळणारा रुग्ण हलण्याआधी स्कॅन आटपतो. हा लाभ मोठा आहे. पण सफाई जास्त लावली की २-३ मि.मी.चा फिकट डागही पुसला जाऊ शकतो. वाचवलेला वेळ जास्त रुग्ण घेण्याऐवजी दुसरा उभा सिक्वेन्स आणि सलग आडवे काप घेण्यात घालवावा.

एका तपासणीला तर नवे यंत्रही लागत नाही. पंधरा ते पंचविशीतल्या मुलाचा एक हात मनगटापासून बारीक होत जातो, बधिरपणा नसतो आणि सरळ मानेचा एमआरआय जवळपास नॉर्मल येतो. जपानमध्ये १९५९ मध्ये वर्णिलेला हा हिरायामा आजार आपल्याकडेही आढळतो. डोक्याखाली घडी ठेवून मान पुढे वाकवून तोच स्कॅन पुन्हा घेतला की मागचे आवरण पुढे सरकून रज्जू दाबताना स्पष्ट दिसते. चिठ्ठीवर ‘मान वाकवून’ हे दोन शब्द नसतील तर तंत्रज्ञ ते करणार नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोणत्या अवयवाची ताकद, किती दिवसांत गेली, बधिरपणा कुठपासून आहे, लघवीवर ताबा आहे का आणि शरीरात धातू आहे का, एवढे लिहावे. नातेवाइकांनी फिल्मबरोबर सगळ्या चित्रांची डायकॉम (मूळ डिजिटल स्वरूपातली) सीडी मागून घ्यावी. फिल्मवर निवडक चित्रे लहान करून छापलेली असतात. दुसऱ्या तज्ज्ञाला त्यावर डाग मोजता येत नाही, आणि सहा महिन्यांनी तो वाढला की घटला हेही पडताळता येत नाही.

आपले,
एमआरआय विभागांत काम करणारे काही रेडिओलॉजिस्ट व तंत्रज्ञ