बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचे काम

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हिच्या प्रसूतीच्या वेळी मी आत थांबणार म्हटल्यावर परवा फोनवर आईने विचारले, "बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण ते फोनवर नीट सांगता आले नसते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आम्ही मोडली याचे तुम्हाला वाईट वाटले आहे, हे मी जाणतो. पण सुरुवातीपासूनची तपासणी इथल्याच डॉक्टरांकडे आहे आणि तिच्या आईच आता इकडे येऊन राहणार आहेत.

माझे काम म्हणाल, तर ते केव्हाच सुरू झाले आहे. चहाबरोबर घेतलेल्या गोळीतले लोह नीट अंगी लागत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे ही महिनाभर सकाळच्या चहासोबतच गोळी घेत होती आणि मी समोर बसून पाहत होतो. आता चहा सातला आणि गोळी दहाला, लिंबाच्या सरबताबरोबर. त्या वेळी मी अंबडला कंपनीत असतो, म्हणून आठवणीने फोन करतो. रात्री ती डाव्या कुशीवर निजली की बाळाच्या हालचाली मोजून वहीत लिहितो. दोन तासांत दहा भरल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. (एकदा सातव्या ढुशीलाच मला डुलकी लागली, उरलेल्या तिनेच मोजल्या.) कळ आली की कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने जोर देऊन दाबून धरायचे, हेही शिकलो आहे; मी नुसता हात फिरवू लागलो, की ती चिडते.

प्रसूतीच्या वेळी बाईला हवे ते माणूस सोबत असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली. आपल्या केंद्र सरकारने तर २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवायला आणि जिथे इतर बायकांचा आडपडदा राखता येतो तिथे नवऱ्यालाही आत घ्यायला मुभा दिली. आमच्या दवाखान्यात प्रत्येकीला स्वतंत्र खोली आहे, आणि मी आत असावे ही तिचीच इच्छा आहे. खासगी नोकरीत बापाला रजा देण्याचा कायदा नसल्यामुळे मी माझी हक्काची रजा साठवून ठेवली आहे.

बाबा, माझ्या जन्माच्या दिवशी तुम्ही कांद्याची गाडी घेऊन लासलगावला होता आणि मुलगा झाल्याचे तुम्हाला लिलाव आटोपल्यावर कळले, हे तुम्ही हसत सांगता. त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणी बोलावलेच नव्हते. मला मात्र बोलावले आहे.

आई, तुझ्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी धुऊन, उन्हात वाळवून ठेव. पुढच्या रविवारी मी न्यायला येईन, तेव्हा तुम्हा दोघांनाही सोबत घेऊन येईन म्हणतो.

तुमचा मुलगा