रिपोर्ट लिहिणारा आणि खोदणारा एकच नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत अमेरिकेतल्या सैन्याने वापरून सोडून दिलेल्या विषारी जमिनींवर लेख आला होता, तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेख मेहनतीने लिहिलाय, वाद नाही. पण शेवटी लेखकाने जो सल्ला दिलाय ना, की एवढे कन्सल्टंट कशाला, वर्षानुवर्षं नुसते रिपोर्ट लिहीत बसतात, त्यापेक्षा एक मोठी कंपनी पकडा, ठोक रक्कम द्या आणि तपासणीपासून सफाईपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात घाला, तो वाचून मला घामच फुटला. मी यातच तीसेक वर्षं काढलीत, आधी बोअरमधून पाण्याचे नमुने काढणारा पोरगा म्हणून आणि नंतर तेच रिपोर्ट लिहिणारा म्हणून, तेव्हा लेखातल्या निम्म्या शिव्या माझ्याच नावच्या आहेत. रिपोर्ट जास्त होतात हे खरंय. रोग बरोबर ओळखलाय, औषध चुकलंय.

सैन्याकडून 17 ऑक्टोबर 1986 च्या आधी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या जागा तिकडे एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये येतात, सगळे त्याला 'फड्स' म्हणतात, आणि त्या साफ करायचं काम आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सकडे आहे. अशा जागा 10,000 च्या आसपास. कुठे बॉम्ब भरायचा कारखाना होता तिथे आता मका उभाय, कुठे फायरिंग रेंज होती तिथे घरं आणि शाळा. आता कोअर काही स्वतः रिग घेऊन सगळीकडे फिरत नाही, बाहेरच्या फर्म नेमते, आणि फर्म नेमायचे दोन वेगळे दरवाजे आहेत. लेखकाने दोन्ही एकच धरलेत, माशी तिथेच शिंकलीये.

पहिला दरवाजा डोकं लागणाऱ्या कामाचा, म्हणजे तपासणी, अभ्यास, डिझाइन वगैरे. इथे 1972 चा ब्रुक्स कायदा लागतो. सरकारने जाहिरात द्यायची, फर्मनी एसएफ 330 नावाचा फॉर्म भरायचा, त्यात कोणती माणसं लावणार, त्यांनी आधी असली कुठली कामं केलीत, हे सगळं लिहायचं आणि रेट मात्र लिहायचाच नाही. मग समितीने नंबर लावायचे, पहिल्या नंबरवाल्याला बोलावून पैशाचं बोलायचं, जमलं नाही तर त्याला रामराम करून दुसऱ्याला बोलवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं की हे तर सरळ सरळ साटंलोटं आहे. पण विचार करा, जमिनीच्या पोटात काय आहे हेच कोणाला माहीत नसताना कोटेशन देणार कशाचं? रेटवर काम द्यायचं म्हटलं की जो सगळ्यात कमी बोअर मारणार तोच सगळ्यात स्वस्त पडणार, आणि कमी बोअर मारले की घाणही कमीच सापडते, सगळे खूश, पाणी पिणारे सोडून.

दुसरा दरवाजा प्रत्यक्ष सफाईचा. माती उचलायची, भूजल उपसून गाळायचं, पुरलेले गोळे शोधून निकामी करायचे. इथे किमतीला वजन असतं आणि ते असायलाच पाहिजे, कारण किती टन माती उचलायची हे एकदा ठरलं की मग ट्रक तो ट्रकच, त्यात कसली प्रतिभा. ठोक रकमेचं कॉन्ट्रॅक्ट इथे चालतं, मी त्याच्या विरोधात नाही. गडबड होते ती दोन्ही दरवाज्यांमधली भिंत पाडली की. या शतकाच्या सुरुवातीला आर्मीने 'साइट बंद करून दाखवा आणि पैसे घ्या' अशा पद्धतीची कॉन्ट्रॅक्ट वाढवली आणि त्यात कधी कधी उरलेली तपासणी पण आतच ढकललेली असते. म्हणजे ज्याला घाण कमी सापडली तर फायदा होणार, घाण किती आहे ते सांगायचं पण त्यानेच. मुद्दाम चोरी करायची गरजच नाही हो, माणूस आपोआप जरा कमी बघायला लागतो.

पैसा आणि तारीख आधी बांधून टाकली की काय होतं ते हवाई बेटांमधल्या काहोओलावेला बघा. 1990 पर्यंत नेव्हीने त्या बेटावर बॉम्बफेकीचा सराव केला, मग अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिकडच्या काँग्रेसने, सफाईला 40 कोटी डॉलर आणि दहा वर्षं दिली, 2004 ला काम थांबलं तेव्हा वरवरची जमीन साधारण तीन चतुर्थांश साफ झाली होती आणि चार फुटापर्यंत खोल फक्त दहाव्या हिश्श्याच्या आसपास. लोकांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाहीये, त्या उन्हात ते काम करणं खायचं काम नाही, पण जमीन शेवटी पैशाएवढीच साफ झाली.

आता उलट बाजू, तपासणीच कच्ची राहिली तर. वॉशिंग्टन डीसीमध्ये स्प्रिंग व्हॅली म्हणून वस्ती आहे, चांगली बड्या लोकांची. पहिल्या महायुद्धात तिथे अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात आणि आसपास विषारी वायूंचे प्रयोग चालायचे, मस्टर्ड, लेविसाइट, आर्सेनिकवाली बाकीची भानगड, आणि युद्ध संपल्यावर बरंचसं सामान तिथेच खड्डे करून पुरलं. वर घरं झाली, लॉन आले, सगळे विसरले. 5 जानेवारी 1993 ला पाइपलाइनसाठी चर खणताना गोळे वर आले, नुसत्या त्या एका खड्ड्यातून 141. मग कोअरने दोन वर्षं शोधाशोध केली आणि 1995 मध्ये झालं म्हणून सांगून टाकलं. झालं नव्हतं. शोधायच्या जागा ठरवल्या होत्या 1918 मध्ये आकाशातून काढलेल्या फोटोवरून आणि त्यातली एक जागा आजच्या नकाशावर चुकीच्या ठिकाणी बसवली गेली होती. शहराच्या लोकांनी पाठपुरावा केला, फाइल परत उघडली, तर ग्लेनब्रूक रोडवर, चक्क दक्षिण कोरियाच्या राजदूताच्या घराच्या बाजूला पुरलेले खड्डे निघाले, आणि शेजारचं अख्खं घर 2012 मध्ये पाडावं लागलं कारण खाली काय आहे ते घर ठेवून बघताच येत नव्हतं.

हे मी एवढं लांबवून का सांगतोय, तर तिथे मशीन कमी पडलं नव्हतं, कमी पडलं ते जुना फोटो वाचणारं डोकं. असला फोटो वाचायला बसवायचा माणूस तासाला किती घेतो यावर निवडणार का तुम्ही? रिकाम्या खोलीत महिनाभर जुने कागद चाळणारा माणूस बिलात फार महाग दिसतो, हे मला माहितीये, कारण मॅनेजर झाल्यावर बिलं मीच पास करायचो आणि पहिली कात्री तिथेच चालवावीशी वाटायची.

आणि प्रामाणिकपणाचं बोलायचं तर सॅन फ्रान्सिस्कोची हंटर्स पॉइंट गोदी आहेच. बिकिनी बेटावरच्या 1946 च्या अणुचाचण्यांमधून आलेली जहाजं इथे धुतली, नेव्हीची रेडिएशनची लॅबही इथेच होती. गोदी बंद झाल्यावर तिथली माती तपासायचं आणि साफ करायचं कॉन्ट्रॅक्ट निघालं, आणि ते घेणाऱ्या कंपनीच्या लोकांनी काय केलं तर जिथून नमुना घ्यायचा तिथून न घेता दुसरीकडची चांगली माती डब्यात भरली आणि कागदावर तीच जागा लिहिली. 2012 मध्ये नेव्हीला काही आकडे जुळेनात, कामगारांपैकी काही जणांनी तोंड उघडलं, आणि शेवटी 2018 मध्ये दोन सुपरवायझरना आठ आठ महिने तुरुंगवास झाला. पण खरी शिक्षा लोकांनाच, आजूबाजूला घरं बांधायची ठरलेली आणि आता त्या जमिनीच्या कुठल्याच आकड्यावर कोणाचा विश्वास उरला नाही, परत सगळं तपासा. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

माझी स्वतःची पण एक गोष्ट सांगतो, जागेचं आणि कंपनीचं नाव नको. विहिरीचं पाणी कसं घेतात बघा, पंप अगदी हळू चालवायचा, पीएच, गढूळपणा, ऑक्सिजन सगळे आकडे लागोपाठ तीनदा स्थिर आले की मगच छोट्या 40 मिलीच्या काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला की बाटली बाद, कारण ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई, मशीनचं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, पाण्यातून त्या हवेत निघून जातं आणि लॅबमध्ये आकडा कमी येतो. एका विहिरीला कधी कधी तास सव्वा तास जातो. तर आमचं काम होतं ठोक रकमेचं, चौथा दिवस, पाऊस, आणि दोन विहिरी राहिलेल्या पार कडेच्या. प्रोजेक्ट मॅनेजर फोनवर म्हणाला, अरे तिकडे मागच्या वेळी पण काही सापडलं नव्हतं, सोड, रिपोर्टमध्ये मागचेच आकडे धरू. मी सोडल्या. नवीन होतो, पण एवढंही नवीन नव्हतो, फॉर्मवर सही माझी आहे. चारेक वर्षांनी दुसऱ्या फर्मला काम गेलं तेव्हा त्यातल्याच एका विहिरीत टीसीई निघालं, पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, त्याच्या वर. पुढच्या शेतातल्या घराला घरचीच बोअर होती. तिथे नंतर फिल्टर बसवला एवढं कळलं, मधली चार वर्षं ती माणसं काय पाणी पीत होती ते मी विचारायला गेलो नाही.

म्हणून तुमच्या लेखकाला विनंती आहे, कन्सल्टंट कमी करा म्हणण्यापेक्षा त्यांच्यावर नजर कोणाची आहे ते विचारा. डिझाइन करणाऱ्या फर्मला वरच्या परवानगीशिवाय तेच बांधकाम द्यायचं नाही असा नियम बांधकामाला आहे, मग तपासणी आणि सफाईच्या मध्ये तीच भिंत ठेवायला काय हरकत? लॅबच्या आकड्यांची छाननी पण तिसऱ्या माणसाने करायची आणि त्याचं बिल कॉन्ट्रॅक्टरच्या नाही तर सरकारच्या हातून निघालं पाहिजे, हा माझा हट्टच समजा. आणि मुख्य म्हणजे कोअरकडे स्वतःचे जिऑलॉजिस्ट, केमिस्ट पाहिजेत, साइटवर बूट घालून उभे राहणारे. ते कमी केले की समोरून आलेला रिपोर्ट बरोबर का चूक हे कळणारं माणूसच उरत नाही, मग फर्म कितीही निवडून पारखून घ्या.

हे जमतं, अवघड नाहीये. पुरलेले बॉम्ब शोधायच्या कामात एक फार छान पद्धत आहे. सर्व्हे करणारी टीम यायच्या आधी सरकारी माणूस मैदानात काही ठिकाणी गुपचूप लोखंडी तुकडे पुरून ठेवतो, आणि ते काही खास बनवलेले नसतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एक इंच जाड, चार इंच लांब पाइपचा तुकडा, निप्पल म्हणतात त्याला. कुठे पुरलेत आणि किती खोल ते फक्त त्यालाच माहीत. टीमने मशीन फिरवून सगळे तुकडे दाखवले तर ठीक, एक जरी सुटला तरी का सुटला ते शोधा आणि तेवढा पट्टा परत फिरा. काही डॉलरचा पाइप आणि लाखो डॉलरच्या सर्व्हेची परीक्षा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आमची टीम चिडली होती, आम्हाला काय चोर समजता का म्हणून. दुपारपर्यंत एक तुकडा सुटलेला निघाला, बघितलं तर मशीनची एक वायर सैल होती, सकाळपासूनची, आणि कोणालाच कळलं नव्हतं. चोर कोणीच नव्हतं तिथे. त्या दिवसानंतर टीमलीडर स्वतःच रोज सकाळी विचारायला लागला की आज पुरलेत ना.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पर्यावरण इंजिनीअर

ता.क. लेखात टीसीईला 'स्फोटक' म्हटलंय, ते स्फोटक नाही, मशीनचं ग्रीस आणि तेल काढायचं सॉल्व्हंट आहे, मिसाइलचे पार्टसुद्धा त्याने धुवायचे. स्फोटक ते आरडीएक्स आणि टीएनटी. नेब्रास्कात मीडच्या जुन्या बॉम्ब कारखान्याखालच्या पाण्यात टीसीई आणि आरडीएक्स दोन्ही सापडलंय, त्यामुळे घोळ झाला असेल. जमल्यास दुरुस्ती छापावी.