धाप लागते तर श्वासपटलही बघा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीओपीडीबद्दल, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराबद्दल, काहीही छापून आलं की त्यात धूर, सिगारेट, इन्हेलर, स्पायरोमेट्री (फुंकायची टेस्ट) सगळं असतं, पण श्वासपटलाचं, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या डायफ्रामचं, नावही कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शांत बसून श्वास घेताना सगळ्यात जास्त राबतो तो हाच स्नायू. या आजारात हवा आत अडकून फुप्फुसं फुगलेली राहतात, त्यांच्याखाली घुमटासारखं असणारं श्वासपटल दबून चपटं होतं, आणि आधीच आखूड झालेला स्नायू अजून आकसणार तरी किती, मग पेशंट मान-खांदे ओढून श्वास घेतो आणि चार पावलांत धाप लागते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्वसनाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेते. फुंकायच्या टेस्टचे आकडे जवळपास सारखे, तरी एक जण जिना चढून येतो आणि दुसरा अंघोळ करूनच दमतो, असं आमच्याकडे नेहमीच दिसतं. हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते त्या टेस्टमध्ये कळतं, स्नायूचं काय चाललंय ते कसं कळणार?

ते सोनोग्राफीत दिसतं. उजव्या बरगड्यांखाली प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) तिरका धरला की यकृताच्या पलीकडे श्वासपटलाची एक पांढरी चमकदार रेघ श्वासाबरोबर हलताना दिसते, साध्या श्वासात साधारण 1 ते 2 सेंमी आणि खोल श्वासात निरोगी माणसाची त्याच्या कितीतरी पट. मग कुशीत, 8व्या ते 10व्या बरगडीच्या दरम्यान, स्नायूची जाडी मोजतात. श्वास सोडल्यावर ती जेमतेम 2 मिमीच्या आसपास असते, पूर्ण श्वास भरल्यावर वाढायला हवी, आणि 20 टक्केसुद्धा वाढली नाही तर स्नायू कमजोर असल्याची शंका घेतात. सुई नाही, रेडिएशन नाही, पेशंटच्या बेडपाशी होतं. शिवाय स्वतःचीच रेघ स्क्रीनवर हलताना बघून पोटाने श्वास घ्यायचा म्हणजे काय हे पेशंटला पटकन समजतं, ते वेगळंच.

अडचणी आहेतच. डावीकडे जठरातली हवा आड येते, करणाऱ्याचा हात बसलेला लागतो, झोपून आणि बसून आकडे बदलतात म्हणून दरवेळी एकाच पोझिशनमध्ये मोजावं लागतं. आणि सीओपीडीचं निदान स्पायरोमेट्रीवरच करायचं, यात काही बदल नाही.

पण मशीन बहुतेक हॉस्पिटलमध्ये आधीच आहे हो! छातीच्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती, रिपोर्टच्या मानाने धाप जास्त वाटली तर श्वासपटल बघून घ्या, आणि व्यायाम सुरू करायच्या आधी एकदा व काही आठवड्यांनी पुन्हा एकदा मोजा, म्हणजे आम्हालाही कळेल कुठे जोर द्यायचा. तुम्हीही यावर एखाद्या तज्ज्ञाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा.

– एक फिजिओथेरपिस्ट वाचक