भिंत आणि नाला यांच्यामधली माणसे : अहिल्यानगरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,
अहिल्यानगर जिल्हा

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. 1991, 2001 आणि 2011 या तिन्ही जनगणनांना प्रगणक म्हणून दारोदार फिरले. शेवटच्या खेपेला माझ्या वाट्याला अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या भिंगार छावणीच्या पलीकडची, लष्करी हद्दीच्या भिंतीला लागून असलेली वस्ती आली होती. तिथे पाहिलेली एक गोष्ट इतक्या वर्षांत मनातून गेली नाही. आता पुन्हा जनगणना आली आहे, म्हणून आपल्याला हे उघड पत्र लिहिते आहे.

फेब्रुवारी 2011 मधली दुपार होती. खांद्याला फॉर्मची पिशवी, हातात घरयादीच्या, म्हणजे माणसांच्या गणनेआधी घरे नोंदवण्याच्या, वेळी काढलेला नजरी नकाशा. शेताच्या बांधावर एका मालकाने भाड्याने द्यायला खोल्या काढल्या होत्या. वर पत्रा, पुढे अरुंद ओटा, सगळ्यांत मिळून एक नळ. पहिल्याच खोलीत राजस्थानची एक मुलगी होती, कडेवर तान्हे बाळ. नवरा जवान. त्याची तुकडी सीमेवर गेलेली, क्वार्टरचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून ही इथे एकटी. मी नाव विचारले तर तिने दार अर्धे लोटून घेतले. म्हणाली, नाव लिहू नका, आमचे रेशन कार्ड गावाकडे आहे, इथे लिहिले तर तिकडचे कापतील. मी ओट्यावर बसले. जनगणनेचा आणि रेशनचा काही संबंध नाही, माणूस राहतो तिथेच त्याची नोंद होते, हे तिला पटवता पटवता अर्धा तास गेला. शेवटी तिने दोघांची नावे सांगितली, तिचे आणि बाळाचे.

तिथून निघाले तर मागे आणखी एक ओळ दिसली. चौदा खोल्या. माझ्या नकाशात त्या नव्हत्या. शेजारच्या गटाच्या प्रगणकाला विचारले, तर त्याची हद्द नाल्यापाशी संपत होती. भिंतीच्या आतला भाग जनगणनेत ‘विशेष प्रभार’ असतो, तिथली गणना लष्कराचीच माणसे करतात, आणि तीही भिंतीपर्यंतच. म्हणजे नाला आणि भिंत यांच्यामधल्या चौदा खोल्या कुणाच्याच कागदावर नव्हत्या. मी पर्यवेक्षकांना गाठले. त्यांनी त्या माझ्या गटात घ्यायला सांगितल्या, आणि मी त्या घेतल्या. पण ती ओळ मला दिसली ती योगायोगाने. त्या दिवशी ऊन जास्त असते आणि मी सरळ घरी गेले असते, तर तिथली सगळी बायका-मुले या देशात नव्हतीच असे झाले असते.

महोदय, आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. 2011 च्या गणनेत 45 लाखांवर माणसे, आणि त्यातल्या दहांपैकी आठ खेड्यांत राहणारी. याच जिल्ह्यात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, संरक्षण संशोधनाची वाहन संस्था आहे आणि रणगाड्यांच्या सरावाची के. के. रेंज आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. माझ्या हाताखाली पाढे शिकलेली पोरे आज रणगाड्यावर आहेत. तळ इथून हलावा असे आमच्यातल्या कुणालाही वाटत नाही. माझे म्हणणे भिंतीबाहेरच्या माणसांपुरते आहे.

भिंतीच्या आत क्वार्टर आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे. ते जवानांसाठी आहे आणि तसेच असायला हवे. पण क्वार्टर मिळेपर्यंत जवानाचे कुटुंब बाहेर राहते. कंत्राटी कामगार बाहेर राहतात. निवृत्त झालेले फौजी इथेच दोन गुंठे घेऊन घर बांधतात, कारण इथे त्यांना माजी सैनिकांच्या सोयी जवळ पडतात. दरेवाडी, नागरदेवळे, बुऱ्हाणनगर या बाजूला जाऊन पाहा. गाव म्हणावे तर शेत उरले नाही, शहर म्हणावे तर गटार नाही. या सगळ्यांचे पाणी, कचरा, दिवाबत्ती ग्रामपंचायतीच्या अंगावर. बिगरशेती न झालेल्या जागेवरच्या खोल्या कित्येकदा नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, लागत नाहीत, मग घरपट्टी कुठून येणार? आणि केंद्राच्या मालमत्तेवर तर राज्यघटनेच्या कलम 285 मुळे कर लावताच येत नाही.

आता हे सगळे लोकसंख्येवर कसे अडते ते सांगते. सपाटीच्या भागात आरोग्य उपकेंद्र 5000 लोकसंख्येला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ला एक. आशा ताई हजार माणसांमागे एक. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना रेशन द्यायचे तो आकडा, 2011 च्या जनगणनेवर ठरला. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा निधी ठरवताना 2011 चीच लोकसंख्या धरली. घरकुलाच्या यादीचे मूळही 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्या राजस्थानी मुलीच्या कडेवरचे बाळ आता दहावीच्या वयाचे झाले, आणि गावाचा आकडा मात्र त्याच दुपारी थांबलेला आहे. उपकेंद्रातल्या नर्सताई ज्या आकड्यावर लस मागवतात आणि ज्या दारांवर जाऊन लस देतात, त्यात किती अंतर पडले आहे हे त्यांना विचारा. त्या आपल्याला वही उघडून दाखवतील.

शाळेचे मी स्वतः सांगू शकते, कारण ते मी भोगले आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेवर, म्हणजे दरवर्षी शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या मंजुरीवर, ठरतात आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर. जवानाची बदली काही शाळेचे वेळापत्रक पाहून होत नाही. नोव्हेंबरात एक कुटुंब येते, जानेवारीत दोन येतात, मार्चमध्ये एक निघून जाते. एका वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात दिवाळीनंतर सहा मुले आली. एक पंजाबचे, दोन तमिळनाडूची, बाकीची उत्तर प्रदेशाची. कुणालाच मराठीचा एक शब्द येत नव्हता. पटात ती धरली गेली नाहीत, कारण तारीख उलटून गेली होती. शाळेला वाढीव शिक्षक नाही, वाढीव पुस्तके नाहीत. त्यातल्या तमिळ मुलीला मी चित्रे दाखवून ‘पाणी’ शिकवले, तिने मला ‘तण्णी’ शिकवले. सगळ्या वर्गाला तो शब्द इतका आवडला की सुट्टीत नळावर तोच घुमायचा. मुले एकमेकांना सांभाळून घेतात हो. पण चाळीस मुलांच्या वर्गात त्या मुलीला रोज जे वेगळे दहा मिनिटे द्यायला हवे होते, ते मी देऊ शकले नाही. वर्षाअखेरीस तिच्या वडिलांची बदली झाली. दाखला लिहिताना मला माझीच लाज वाटली. आता तर पटावरच्या मुलाचे आधार जुळले नाही तर ते संचमान्यतेत धरत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्या घरात हे कागद जुळवायला किती वेळ लागतो, याचा विचार कुणीतरी करायला हवा.

पाण्याचे थोडक्यात लिहिते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरले आहे. माणूसच कमी धरला तर टाकी लहान होते, आणि उन्हाळ्यात भाडेकरूंच्या ओळीतला नळ सगळ्यांत आधी कोरडा पडतो.

हे झाले भिंगारच्या अंगाचे. त्याच तळाची दुसरी बाजू रेंजच्या अंगाला आहे, आणि तिथे सगळे उलटे आहे. इकडे माणूस मावत नाही, तिकडे माणूस टिकत नाही. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या 23 गावांवर के. के. रेंजच्या विस्ताराची टांगती तलवार कित्येक वर्षे आहे. त्यातली काही कुटुंबे मुळा धरणात एकदा उठलेली. 26 टीएमसीचे ते धरण, त्याच्या पाण्यावर खालचा मुलूख हिरवा झाला, आणि ज्यांनी जागा दिली ते वरच्या माळावर येऊन बसले. तिथेही पुन्हा तोच घोर. सातबारा नावावर आहे, पण पक्के घर बांधायला हात धजावत नाही. उद्या उठायचे असेल तर भिंती कशाला उभ्या करायच्या, असे घरातली म्हातारी माणसे विचारतात. घरकुल मंजूर झाले तरी जोत्यावर काम थांबवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. तरुण पोरे सुपे-नगरच्या एमआयडीसीत जातात आणि तिकडेच खोली घेतात. गावाची लोकसंख्या घटते, मग शाळेचा पट घटतो, पट घटला की पद जाते. मग उरलेलेही निघतात.

सरावाच्या दिवसांत तिथल्या एका शाळेत मी पाहुणी म्हणून गेले होते. तोफेचा पहिला आवाज झाला की खिडकीची तावदाने किणकिणतात. मुले पाढा म्हणायची थांबतात, दोन क्षण गप्प बसतात आणि जिथे थांबली तिथून पुढे म्हणू लागतात. त्यांना त्याची सवय झाली आहे. मला झाली नाही.

1938 चा एक कायदा आहे, मॅनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. सरावासाठी क्षेत्र अधिसूचित करायचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला आहे, आणि सरावाने झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची तरतूदही त्यातच आहे. अधिसूचना निघते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भिंतीला तडा गेला तर अर्ज कुणाकडे, कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत करायचा, हे मराठीत लिहिलेला एक कागद गावच्या चावडीवर लावलेला मी पाहिलेला नाही. आणि रेंजवर भंगार वेचायला गेलेली माणसे न फुटलेल्या गोळ्यांनी गेली आहेत, हे आपणही जाणता. पितळेच्या चार तुकड्यांसाठी माणूस तिथे का जातो, याचे उत्तर त्याच्या घरात जाऊन शोधावे लागेल.

महोदय, आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. जिल्हाधिकारी हे जिल्ह्याचे प्रमुख जनगणना अधिकारी असतात आणि तहसीलदार चार्ज अधिकारी. म्हणजे या कामाची सूत्रे आपल्या बैठकीच्या टेबलाभोवतीच आहेत. माझी पहिली मागणी तिथली आहे. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरला आहे आणि माणसांच्या गणनेचा संदर्भ क्षण 1 मार्च 2027 ची मध्यरात्र आहे. त्याआधी जिल्हाधिकारी आणि लष्कराचे स्टेशन मुख्यालय यांची एक संयुक्त बैठक घ्या. विशेष प्रभाराची हद्द आणि गावाच्या प्रगणन गटांची हद्द एकाच नकाशावर काढा, आणि तो नकाशा घेऊन तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना भिंतीकडेने पायी फिरवा. गाडीतून नको, गाडीतून मागची ओळ दिसत नाही. घरयादी उरकली असेल, तरी हे करता येईल. 2011 मध्ये मला ती ओळ प्रत्यक्ष गणनेतच सापडली होती.

या खेपेला गणना मोबाईलवर आहे आणि कुटुंबाला स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. ती भाडेकरू जवान कुटुंबांपर्यंत हिंदीतून पोचवा. रेशन कार्ड कापले जाणार नाही, हे त्यांना युनिटमधल्याच अधिकाऱ्याने सांगितले तर ती विश्वास ठेवतील. माझ्यासारखीला अर्धा तास लागला, त्यांच्या सुभेदार साहेबांना एक मिनिट लागेल.

नवे आकडे हाती येऊन त्यांवर निधी बेतला जायला वर्षे जातील, तोवर मुले थांबणार नाहीत. म्हणून तळालगतच्या गावांची ग्रामपंचायत, आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदींवरून एक तात्पुरती यादी करून घ्या आणि नियोजन समितीचा निधी त्यावर द्या. शाळांसाठी 30 सप्टेंबरनंतर आलेल्या जवानांच्या मुलांचा वेगळा पट धरायला शिक्षण विभागाला सांगा. रेंजच्या गावांत सरावाच्या दिवशी 108 ची एक रुग्णवाहिका गावातच उभी राहू द्या. आणि विस्ताराबद्दल काय ठरले आहे, कोणते गट नंबर त्यात आहेत आणि कोणते नाहीत, हे संरक्षण मंत्रालयाकडून लेखी घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवा. उत्तर कडू असले तरी चालेल. घराचे जोते किती वर्षे उघडे ठेवायचे, हे तरी माणसाला ठरवता येईल.

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या वस्तीत गेले होते. गुडघे आता साथ देत नाहीत, तरी नाल्यापासून भिंतीपर्यंत चालत गेले. चौदा खोल्यांच्या मागे आता आणखी तीन ओळी झाल्या आहेत. एका वहीच्या पानावर मी त्यांचा नजरी नकाशा काढला आहे, उत्तर दिशा दाखवून, नळ आणि विजेचा खांब यांच्या खुणा करून. तिथल्या प्रगणकाला तो हवा असेल तर मी तो घेऊन येईन, आणि त्याच्याबरोबर एकदा फिरूनही येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका