क्वार्टझसाइटच्या माळावरच्या शेजाऱ्यांचे आभार

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात, ऐन थंडीत आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे राहत्या गाडीच्या, आतल्या दिवे-पंख्यांना वीज देणाऱ्या बॅटऱ्यांनी मान टाकली. हीटरचा पंखा सुरू झाला की दिवे मिणमिणायचे. शेजारच्या व्हॅनमधल्या आजी आणि त्यांचे टोपीवाले मित्र, तुमची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून इथेच आभार मानते.

आम्ही नव्या बॅटऱ्या घ्यायच्या गोष्टी करत होतो. आजी, तुम्ही तो विषयच उडवून लावलात. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, काहीही चालू नसताना मिळून 12.6 व्होल्ट, म्हणजे चार्ज भरपूर. मग पंखा चालू ठेवून व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकवलीत. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसला दीड व्होल्ट! निगेटिव्ह केबल चासीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढला होता, वीज तिथेच अडत होती. केबल सोडवून पत्रा लख्ख होईपर्यंत घासलात. टोपीवाल्या काकांनी टर्मिनलवरचा पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, तोही सेलची झाकणं घट्ट आहेत ना हे दोनदा बघून. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावरच ठरलेल्या पातळीपर्यंत भरा, हे त्यांनी बजावलेलं लक्षात आहे.

पैशांना तुम्ही हात लावला नाहीत. चकल्यांचा डबा मात्र रिकामा करून परत दिलात, तेव्हा कुठे बरं वाटलं.