तीन वाक्यं बरोबर, मार्क शून्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

म्हणी विसरलेल्या पिढीवरचा कालचा लेख सौदे सुरू व्हायच्या आधी आडतीवर बसून वाचला आणि दिवसभर हिशेबात लक्ष लागलं नाही. लेखक महाशयांनी मोबाईल, इंग्रजी माध्यम आणि आईबाप अशा तिघांना दोषी ठरवून टाकलं. वर उपाय, रोज पाच म्हणी पाठ करून घ्या. छान!

माझा मुलगा सातवीत आहे, मराठी शाळेत. मोबाईल त्याच्याकडे नाही. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. सहामाहीला 'पी हळद अन् हो गोरी'चा अर्थ विचारला होता. त्याने लिहिलं, 'हळद पिऊन कोणी गोरे होत नाही. हळदीत कर्क्युमिन असते म्हणून ती पिवळी असते. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले.' तिन्ही वाक्यं बरोबर. मार्क शून्य, वर लाल शाईत 'विनोद नको!' ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि बाई म्हणाल्या, 'वा, काय दिवे लावलेत!' पोरगं घरी येऊन सांगतं, 'बाबा, दिवे शिपाईमामांनी लावले होते, पण बाई मलाच वा म्हणाल्या.' खूश होता. त्याच्या आईने जेवण टाकलं त्या दिवशी.

2016 च्या दिव्यांग कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र शाळेला दिलंय. फायलीत असेल, निवांत.

मिरजेच्या स्पीच थेरपिस्ट बाई सांगतात की पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हण शब्दशःच घेतात आणि ही समज पार दहावीपर्यंत वाढत राहते. अडतं ते फक्त स्वमग्न मुलांचंच असंही नाही. ज्यांची एकूण भाषाच कच्ची राहिली त्यांचंही अडतं. टोमणा तर त्याहून कठीण, कारण समोरच्याच्या मनात बोलल्याच्या उलट आहे हे ओळखावं लागतं. पाठांतराने ते कसं यायचं?

मी त्याला आमच्या पेठेतलीच गोष्ट सांगितली. एकाने मे महिन्यात हळद लावली आणि गणपतीतच दुकानात आला, भाव काय फुटलाय विचारायला! तेव्हा पीक रानात हिरवंगार उभं. अजून काढायची, उकडायची, वाळवायची, पॉलिश करायची, सगळंच बाकी. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, 'त्याला घाई झाली. तो हळद पिऊन गोरा व्हायला बघतोय.' हे पेपरात विचारलं असतं तर? असो.

लेखकांनी एकदा अशा घरात चहाला यावं. साखर आम्ही घालू.

जाता जाता, परवाच्या बाजारभावात राजापुरी हळदीचा किमान दर कमाल दरापेक्षा जास्त छापलाय. आम्ही रोज यार्डात असतो म्हणून ठीक, पण गावाकडचा शेतकरी तुमचा रकाना बघून माल गाडीत भरतो. ही चूक मी नाही, मुलाने पट्टी धरून वाचताना काढली. कात्रण सोबत आहे. दुरुस्ती छापा, तो रोज बघतोय.

– एक पालक, मार्केट यार्ड, सांगली