टाळाची दोरी

नगर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मास्तर, खरं सांग, तुझं बरं चाललंय, की आम्हाला बरं वाटावं म्हणून हसतोस?" मी "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. रेंज होती. ही शेजारीच बसली होती. तिचा आवाज गेला असला तरी कान शाबूत आहेत, आणि भलतेच तिखट. म्हणून हे पत्र. सातची गोळी आत्ताच दिली. जेवायला अर्धा तास आहे, तेवढ्यात होईल तेवढं लिहितो.

आमच्या घराचं घड्याळ या गोळीवर चालतं. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. पोट रिकामं लागतं. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दाराने आत शिरतात म्हणे, आणि दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. डॉक्टरांनी मला पाथर्डीच्या एसटीचं उदाहरण दिलं, लगेच समजलं. गोळी लागू पडली की दोनेक तास ही माणसात असते. चालते, पदर सावरते, माझ्या भाजीला नावं ठेवते. असर उतरला की जिथल्या तिथे थबकते.

तुला सुरुवातीचं नीट सांगितलंच नव्हतं. 2017 साली निदान झालं, पण दुखणं त्याच्या खूप आधीचं. फोडणी करपून घरभर धूर व्हायचा आणि हिला वास यायचा नाही. मग खांदा आखडला. आठ महिने आम्ही मिठाच्या पुरचुंडीने शेकत बसलो. पेन्शन काढायला गेलो तर बँकेत सही जुळेना. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. बत्तीस वर्षं नर्स होती ही, हजारो केसपेपर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेले. त्या दिवशी काउंटरवरून वळून मला म्हणाली, "अहो, हा खांदा नाही. हे पार्किन्सन्स आहे." तिनेच सांगितलं. डॉक्टरांनी नंतर शिक्का मारला. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, तिथे डोपामिन तयार होतं. हाताला कंप दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी संपलेल्या असतात. म्हणजे आम्ही नाताळच्या करंज्या तळत होतो, तुझ्यासाठी माळकरी म्हणून वेगळा डबा भरत होतो, तेव्हापासून आत हे सुरू होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. बरं चाललंय. पण आधी वाईट झालं ते सांगतो, नाहीतर तुला माझं खरं वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ही रात्री अडीच वाजता न्हाणीत पडली. मला तिला उचलता येईना. माझी कंबर तुला ठाऊक आहे. तीनदा प्रयत्न केला, तीनदा आम्ही दोघंही ओल्या फरशीवर. तेव्हा माझ्या तोंडून काय गेलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांनाही नाही. "सुटका कर एकदाची," असं म्हणालो. देवाला म्हणालो की तिला, हे मलाही धड सांगता येणार नाही. ती गप्प. मग कुजबुजल्यासारखं काहीतरी बोलली. कान तोंडाशी नेला तर म्हणते, "स्टूल आणा." मी स्टूल आणलं. तिने एकेक करून सांगितलं: आधी कुशीवर वळवा, मग गुडघ्यांवर, हात स्टुलावर, एक पाऊल पुढे, आता मागून नुसता आधार द्या, ओढू नका. पाच मिनिटांत उभी. पेशंट तीच आणि नर्सही तीच. पलंगावर टेकल्यावर म्हणाली, "मघाशी जे बोललात ना, ते मी पण कधीकधी बोलते त्याच्याशी." आणि चेहऱ्यावर हसू उमटलं नाही, कारण या दुखण्यात चेहऱ्याचे स्नायू साथ देत नाहीत, पण खांदे हलत होते. ती हसत होती रे. मग मीही हसलो. पहाटेपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

त्या रात्रीनंतर माझी प्रार्थना आखूड झाली. पूर्वी मंडळीत मी प्रार्थनेला उभा राहिलो की लोक घड्याळाकडे बघायचे, हे तू स्वतः नाताळात पाहिलं आहेस. आता "प्रभू, हिला उठव" एवढीच. म्हणजे मेलेल्यांतून नव्हे, खुर्चीतून. आणि ती उठते.

जेवणाची वेळ झाली. बाकीचं उद्या.

सोमवार, दुपार

काल रात्री मऊ भात आणि दुधीची भाजी. पाण्याचा ठसका लागतो म्हणून पाणीही आता घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन देतात, तेव्हा भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून मीच तिच्या ओठांशी नेतो. पहिल्यांदा हात कापला, तिचा नव्हे, माझा.

लोकांबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक चांगले आहेत. मुली आळीपाळीने येतात, शेजारच्या वहिनी भाकरी पाठवतात. एक गृहस्थ मात्र आरोग्याची प्रार्थना करायला आले आणि म्हणाले, घरात कुठलं तरी पाप लपलेलं आहे, ते कबूल करा. माझं डोकं फिरलं. हाताशी पवित्र शास्त्र होतं, योहानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? आणि येशू सांगतो, याने नाही आणि त्यांनीही नाही. मी चांगलाच चढ्या आवाजात वाचणार होतो, तोच हिने माझी बाही ओढली. "चहा विचारा त्यांना." गृहस्थ चहा पिऊन गेले. मग मला म्हणते, "पाप शोधायला आले होते, निदान साखर तरी सापडली."

आणखी एक गंमत. गोळीचा डोस वाढवल्यापासून हिला कोपऱ्यात मुलं बसलेली दिसतात. पहिल्या दिवशी मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं असं, वाद घालू नका, ती घाबरत नसेल तर तुम्हीही घाबरू नका. ती घाबरत नाही. तीस वर्षं संडे स्कूल घेतलं तिने, मुलांची तिला काय भीती? आता संध्याकाळ झाली की मी विचारतो, "आज किती आली?" "सात." "हजेरी घेऊ?" "नको, तुम्ही मारता." बापू, मी सदतीस वर्षं शाळा शिकवली, पण माझ्याबद्दलचं इतकं खरं मत कुणी दिलं नव्हतं. डॉक्टरांनी मग डोस थोडा उतरवला. मुलं कमी झाली. परवा म्हणाली, "आज कुणीच नाही आलं." मला खरोखर वाईट वाटलं.

2005 सालचा पुनरुत्थानाचा रविवार माझ्या अजून लक्षात आहे. टीव्हीवर पोप जॉन पॉल दुसरे खिडकीत आले होते. आम्ही प्रोटेस्टंट, पोपशी आमचं तसं देणंघेणं नाही. पण त्यांना हाच आजार होता. खाली चौक माणसांनी भरलेला. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच फुटला नाही. मुक्यानेच हाताने आशीर्वाद दिला. पुढच्याच शनिवारी ते गेले. तेव्हा मी म्हणालो होतो, कशाला म्हाताऱ्याला खिडकीत आणून उभं करायचं? ही म्हणाली होती, "अहो, आशीर्वाद तर मिळाला ना?" आता रोज रात्री झोपताना ती माझ्या डोक्यावर हात ठेवायला बघते. हात वाटेत थरथरत राहतो, कधी कानावर पडतो, कधी चष्म्यावर. मी डोकं खाली घेऊन थांबतो.

यात सेवा-बिवा काही नाही हो. तू फोनवर "केवढी सेवा करतोस" म्हणालास, ते मला टोचलं. संध्याकाळी तिचे पाय धुताना शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आठवतो असं लिहिलं तर तू म्हणशील, मास्तरने प्रवचन सुरू केलं. खरं सांगू? नखं कापताना मला चष्मा सापडत नसतो, आणि तो आपल्याच कपाळावर आहे हे ती सांगत नाही. मुद्दाम सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्याशी संबंधित आहे. हिचे पाय उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटतात. मोकळ्या अंगणात चालेल, पण दार आलं की खिळल्यासारखी. ढकललं तर पडेल. फिजिओथेरपीच्या मुलीने फरशीवर पावला-पावलाच्या अंतरावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या, त्याचा उपयोग झाला. मग म्हणाली, ताल धरून बघा. पायांना आतून हुकूम मिळत नसला तरी बाहेरून ठेका मिळाला तर ते चालतात. मला एकदम आठवलं. आमच्या भजनी मंडळासाठी तू आळंदीहून टाळ आणून दिले होतेस, ते माळ्यावर होते. काढले, चिंचेने घासले, आणि उंबऱ्यापाशी उभं राहून आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू केलं. माझा गळा तुला माहीत आहे. ही थबकलेली. दुसऱ्या ओळीला अंगठा हलला. तिसरीला उजवा पाय उचलला आणि उंबऱ्यापलीकडे पडला.

ख्रिस्तापाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं टिळक म्हणत. लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलो, परीक्षेत लिहिलंही असेन. पूल पायाखाली असतो हे मला त्या दिवशी दिसलं. वारीत तू पंधरा-वीस दिवस टाळाच्या ठेक्यावर चालतोस, आमची वारी पलंगापासून न्हाणीपर्यंत, अकरा पावलांची. दिवसातून सहा-सात वेळा. शेजारचे म्हणतात, मास्तरच्या घरी दिवसभर भजन असतं, फार धार्मिक माणूस. त्यांना काय सांगणार, बाई लघवीला निघाली आहे!

तर बापू, मी हसतो ते असं. बरी होईल असं नाही. पुढे काय येणार ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तिने असे पेशंट सांभाळले आहेत. रात्री कधी मला अंधार दाटून येतो, नाही असं नाही. पण सकाळी सातला गोळी असते.

तीन वाजत आले, उठायला हवं. एक काम आहे तुझ्याकडे. टाळाची दोरी काल तुटली. मी सुतळी बांधली आहे, पण हातात बसत नाही आणि आवाज बोदा येतो, ही म्हणते, "या ठेक्यावर मी नाही येणार." यंदा पंढरपूरहून येताना चांगली दोरी आण, आणि उतरलास की आधी आमच्याकडे ये. तूच बांधून दे. तुला वेगळा डबा मात्र या खेपेला माझ्या हातचा खावा लागेल, मीठ बेताचं असेल असं वचन देत नाही.

तुझ्या घरी सर्वांना नमस्कार. हिने आत्ता विचारलं, कुणाला लिहिताय. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "दोरी लाल रंगाची सांगा."

तुझा,
मास्तर